न झालेल्या पंगतीचे संपादक

संपादक बायकांची सायकल चालवायचे. पुरुषी सायकलच्या दांड्यात धोतर अडकतं, हे कारण ते कुणी विचारण्याआधीच सांगून टाकत. पुढे टोपली, मागे कॅरियरला सुतळीने बांधलेला प्रुफांचा गठ्ठा, आणि घंटी नाही. घंटीच्या जागी ते स्वतःच "अहो, अहो" करत नाशकातल्या रविवार कारंज्याच्या गर्दीतून वाट काढायचे. सगळ्या जगाला ते अहो म्हणत. टांगेवाल्याला अहो, शाळकरी पोरांना अहो. एकदा प्रेसच्या दारात बसकण मारलेल्या गाईला "अहो, जरा सरकता का?" म्हणताना मी त्यांना ऐकलं आहे. गाय सरकली नाही, तेव्हा ते वळसा घालून मागच्या दाराने आत आले.

त्यांना दुसरं नाव असल्याचं फारसं कुणाला आठवत नसे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून "संपादक, पान वाढलंय" अशीच हाक मारायच्या. प्रेस खाली, घर वर, आणि मधल्या जिन्यावर जुन्या अंकांचे गठ्ठे. जिना चढताना माणसाला एक हात कठड्यावर आणि एक हात स्वातंत्र्यलढ्यावर ठेवावा लागे.

मी तिथे लागले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. बी.ए. होऊन मी वर्षभर घरी बसले होते. माझे वडील नाशिकरोडला कारखान्यात होते, आणि त्यांनीच मला संपादकांकडे धाडलं. त्यांच्या पेटीत घडीवर फाटत आलेलं एक कात्रण होतं. 'दोनशे जणांची एकच पंगत' असा मथळा. स्वातंत्र्यापूर्वी, दिंडोरीच्या बाजूच्या एका खेड्यात, नाशिकचे चाळीस पांढरपेशे गृहस्थ गावाबाहेरच्या वस्तीत जाऊन, तेव्हा अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या आमच्या लोकांच्या मांडीला मांडी लावून जेवले, अशी ती बातमी. लिहिणारे आणि जेवणाऱ्यांचे पुढारी, दोन्ही संपादकच. पुढे आम्ही बौद्ध झालो, घरातले देव गेले, पण ते कात्रण मात्र पेटीत राहिलं. अशा माणसाकडे नोकरी मिळाली तर करावी, असं वडिलांचं म्हणणं होतं.

मुलाखतीत संपादकांनी मला स्वतःचाच अग्रलेख आणि लाल पेन्सिल दिली आणि म्हणाले, यात मी कुठेकुठे बढाई मारली आहे तेवढं दाखवा. मी सात ठिकाणी खुणा केल्या. त्यांनी उरलेल्या दोन मोठ्या अभिमानाने स्वतः दाखवल्या आणि मला उद्यापासून यायला सांगितलं.

स्वातंत्र्य मिळवण्यात संपादकांचा वाटा किती, हे इतिहासकारांनी ठरवावं. पण स्वदेशी मालाची नाशकात जी धास्ती बसली, तिचं श्रेय निर्विवाद त्यांचं. तरुणपणी त्यांनी शाईचा कारखाना काढला होता. शाई रंगाला फार सुरेख होती, फक्त सहा महिन्यांत उडून जायची. एका शाळेचा अख्ख्या वर्षाचा निकाल त्या शाईने लिहिला होता. दिवाळीपर्यंत पास झालेली आणि नापास झालेली पोरं एका पातळीवर आली. संपादक याला शिक्षणातली समता म्हणायचे. मग त्यांनी साबण काढला. त्याला फेस येत नसे. त्यावर त्यांनी अग्रलेख लिहिला, की फेस ही परदेशी कंपन्यांची फसवणूक आहे, मळ निघतो तो मनगटाने. त्या साबणाच्या उरलेल्या वड्या काकू दाराला अडसर म्हणून लावायच्या. मी तिथे होते तोवर ते दार वाऱ्याने एकदाही आपटलं नाही.

माझ्या वेळी त्यांचं बिनधुराच्या चुलीचं चाललं होतं. चूल खरोखरच बिनधुराची होती. धूर नळीतून शेजाऱ्यांकडे जायचा. शेजारी डोळे पुसत तक्रार घेऊन आले, तेव्हा संपादकांनी त्यांनाही एक चूल भेट देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. त्याऐवजी चार विटा आणल्या आणि भिंतीतलं भोक आपल्या बाजूने बुजवून टाकलं.

तुरुंगात ते दोनदा जाऊन आले होते. कुणी भक्तिभावाने विचारलं तर सांगायचे, पहिल्यांदा लिहिलं म्हणून गेलो, दुसऱ्यांदा वेळेवर पळता आलं नाही म्हणून. सरकारने दिलेल्या ताम्रपटाबद्दल विचारलं की म्हणायचे, काकूंना विचारा, एखाद्या डब्यावर झाकण म्हणून असेल. तो खरोखरच डाळीच्या डब्यावर होता.

बिनभटजीची, बिनहुंड्याची लग्नं लावण्याचा त्यांना भारी नाद. मंगलाष्टकांच्या जागी ते स्वतः लिहिलेला उपदेश वाचत. एका लग्नात चाळीस मिनिटं झाली आणि नवरी मटकन खाली बसली. संपादकांनी तिला पाणी दिलं, वारा घातला आणि तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला, नाहीतर तिचा मधला मुद्दा हुकला असता. त्यांनी लावलेलं एकही लग्न मोडलं नाही, असं आमचे कंपोझिटर गफूरभाई सांगायचे. गफूरभाई तीस वर्षं त्यांच्याकडे टायपाचे खिळे जुळवत होते आणि संपादकांना न भिता बोलणारे जगातल्या दोघांपैकी एक होते. दुसऱ्या काकू. गफूरभाईंचं म्हणणं असं, "जो वो भाषण झेल गए, वो आगे सब झेल लेंगे."

पण नाशकात त्यांच्या साप्ताहिकाचं नाव होतं ते पहिल्या पानावरच्या एका चौकटीमुळे. तिचा मथळा, 'आमचं चुकलं'. बाकीची वर्तमानपत्रं आपल्या चुका आतल्या पानात, तळाशी, बारीक टायपात दडवत. संपादकांचा नियम उलटा होता. चूक जेवढ्या टायपात झाली, माफीही तेवढ्याच टायपात. 'गेल्या अंकात अमक्या सभेला प्रचंड जनसमुदाय लोटला होता असं छापलं. आमचं चुकलं. सतरा श्रोते होते, पैकी चार आयोजक.' किंवा, 'अमके नगरसेवक जनतेसाठी रात्रंदिवस झटतात असं लिहिलं होतं. चौकशीअंती ते रात्री झोपतात असं कळलं.' लोक आधी ही चौकट वाचायचे आणि मग अंक वडे बांधायला द्यायचे. माफी मागताना संपादकांना असा काही उत्साह यायचा की कधीकधी मला वाटायचं, हा माणूस मुद्दामच चुका करतो.

मुद्दाम नव्हे, पण चुका होण्याची सोय आमच्या कामातच होती. अंक सोमवारी सकाळी पहिल्या एस.टी.ने खेडोपाडी जायचा. म्हणजे शनिवारी सगळा मजकूर जुळवून तयार हवा आणि रविवारी छपाई. आणि गावातले झाडून सगळे समारंभ रविवारी. मग करायचं काय? तर निमंत्रणपत्रिका समोर ठेवून शनिवारीच बातमी लिहायची. अध्यक्षांचं भाषण आधी मागवून घ्यायचं, टाळ्या आपल्या अंदाजाने घालायच्या. तेव्हाची सगळीच साप्ताहिकं हे करत. रविवारी संपादक समारंभाला जाऊन बसायचे आणि वक्ता आमच्या बातमीबाहेर काही बोलू लागला की अस्वस्थ व्हायचे. फारच काही वेगळं घडलं, तर पुढच्या आठवड्यात चौकट होतीच.

त्यांना पंचाहत्तर पुरी होणार होती तेव्हा गावाने सत्कार समिती नेमली. एक वकीलसाहेब अध्यक्ष झाले. हॉल ठरला, शाल आली, गौरवग्रंथ निघाला. मला सांगण्यात आलं, की त्या ऐतिहासिक पंगतीत जेवलेलं कुणी हयात असेल तर गाठून दोन पानी आठवण आणा. संपादक म्हणाले, "कशाला? मेले असतील सगळे." एरवी कुणाच्या बारशाची बातमीसुद्धा दोनदा खात्री करून घ्या म्हणणारा माणूस. मला वाटलं, विनय.

मी सीबीएस स्टँडवरून दिंडोरीकडची एस.टी. पकडली, फाट्यावर उतरले आणि द्राक्षाच्या नव्या बागांमधून दोन मैल चालत गेले. वस्तीत विचारलं तर सगळ्यांनी ठकूबाईंकडे बोट दाखवलं. साठीकडे झुकलेली बाई ओट्यावर सुपात बाजरी पाखडत होती. मी बसले, पाणी प्यायले, कुणाची कोण ते सांगितलं आणि वही काढून पंगतीचं विचारलं.

"कोंची पंगत?" त्या म्हणाल्या.

मी कात्रणातली बातमी तोंडपाठ सांगितली. ठकूबाईंनी सूप खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं नाही, लिहिण्याची गरज पडली नाही. त्या तेव्हा नव्या लग्नाच्या होत्या. आठ दिवस आधी नाशिकचा निरोप आला होता, चाळीस माणसं जेवायला येणार. घराघरातून शेर शेर गहू गोळा केला. काहींनी तो दुसऱ्याकडून मागून आणला. पहाटेपासून पाच बायकांनी दळलं, गुळाची लापशी केली, वांगी केली, भाकऱ्यांची चळत लावली. वस्तीपुढे सडा घातला, पत्रावळी मांडल्या. फाट्यावर एक माणूस उभा केला. पाहुणे येईपर्यंत पोरांनी अन्नाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. दुपार झाली. फाट्यावरच्या माणसाला पाणी नेऊन दिलं. पोरं रडून रडून गप झाली. दिवस बुडाला.

"कुनी आलं नाय," ठकूबाई म्हणाल्या. "तीन दिस तेच खाल्लं आमी. तिसऱ्या दिशी लापशी आंबली व्हती, तरी खाल्ली. मागून आनलेला गहू, टाकनार कसा?"

पुढच्या आठवड्यात गावच्या मास्तरांनी पेपर आणून वाचून दाखवला. दोनशे जण एका पंगतीत जेवले, असं त्यात होतं. मी विचारलं, मग तुम्हाला काय वाटलं? त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "आमी म्हनलं, आसंल दुसरं एखादं गाव. जेवले आसतील तिकडं."

परतीच्या एस.टी.त मला संताप आवरेना. संपादकांचा नव्हे, आधी स्वतःचाच, कारण ती बातमी मी लहानपणापासून पाठ म्हणत आले होते. मग त्यांचाही.

प्रेसमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. ते निळ्या पेन्सिलीने प्रुफं तपासत होते. त्यांनी ऐकून घेतलं, पेन्सिल खिशात ठेवली, सायकल काढली आणि तिच्यावर न बसता, हाताने ढकलत, कुणालाही अहो न म्हणता निघून गेले. दोन दिवस ते खाली उतरलेच नाहीत. काकू म्हणाल्या, जेवतात, पण बोलत नाहीत, घरात किती शांतता आहे.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर, पाहुण्यांच्या स्टुलावर येऊन बसले आणि त्यांनी सांगितलं. चाळीस जणांनी येतो म्हणून सह्या केल्या होत्या. बातमी शनिवारीच लिहून झाली होती. रविवारी सकाळी ठरलेल्या ट्रकपाशी तिघं आले, संपादक धरून. त्यातल्या एकाने विचारलं, परत आल्यावर अंघोळीची सोय काय. संपादकांनी ट्रकवाल्याला परत पाठवलं.

"चाळीस सांगून तिघांनी जायचं, म्हणजे हसं होईल असं वाटलं," ते म्हणाले. "कुणाचं हसं, ते मी स्वतःला विचारलं नाही."

तोवर छपाई सुरू झाली होती. सोमवारी अंक गेला. गुरुवारपासून अभिनंदनाची पत्रं यायला लागली, पुण्याहून, मुंबईहून. पुढच्या अंकासाठी त्यांनी माफी लिहायला घेतली, आणि लिहिली ती एका सभेची वेळ चुकीची छापली म्हणून. 'आमचं चुकलं' ही चौकट त्या आठवड्यात जन्माला आली. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाळीस वर्षं हा माणूस सतरा श्रोत्यांबद्दल माफी मागत होता, कारण दोनशे जेवणाऱ्यांबद्दल मागायची राहिली होती.

घरी मी वडिलांना सांगितलं, जरा जोरातच.  ते म्हणाले, त्यांच्या गावी, येवल्याच्या बाजूला, ती बातमी वाचूनच मास्तरांनी तसं जेवण घडवून आणलं होतं. "नाशिकला दोनशे जेवले म्हणून आमच्याकडचे तीस तयार झाले. मी दहा वर्षांचा होतो. पाटलाच्या भावाशेजारी बसून जेवलो. ते जेवण खरं होतं." कात्रण त्यांनी पेटीतून काढलं, पाहिलं आणि पुन्हा आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हे मी संपादकांच्या कानावर घातलं. त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे उपयोग झाला म्हणायचा, ते म्हणाले. मी म्हटलं, वडिलांचं पोट भरलं, ठकूबाईंना तीन दिवस आंबलेलं खावं लागलं, ते उपयोगाच्या कोणत्या बाजूला धरायचं? त्यांनी कागद ओढला आणि लिहायला बसले.

मजकूर चार ओळींचा होता. अमक्या गावी पंगत झाली नाही. आम्ही गेलो नाही. गावाने स्वयंपाक करून दिवसभर वाट पाहिली. आमचं चुकलं. टायपाचा नियम त्यांचाच, आणि मूळ मथळा आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या लाकडी टायपात होता. गफूरभाईंनी फळीवरची धूळ झटकून तो काढला. त्यांनी विचारलं, "साब, पक्का?" संपादकांनी मान हलवली. वकीलसाहेब धावत आले. हॉल ठरलाय, ग्रंथ छापून झालाय, सत्काराला तीन आठवडे राहिलेत, त्यानंतर काय ती माफी मागा, असं त्यांनी परोपरीने समजावलं. सोमवारी अंक गेला.

मी धसका घेऊन बसले होते. नाशिक काय म्हणेल? गाव म्हणालं, केवढा हा विनय. रस्त्यात लोक सायकल थांबवून त्यांच्या पाया पडू लागले. एका हेडमास्तरांनी ती चौकट शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिली. वकीलसाहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी निमंत्रणपत्रिका नव्याने छापून घेतल्या आणि संपादकांच्या नावामागे 'स्वतःच्या महान कार्याचंही श्रेय नाकारणारे' अशी ओळ घातली. संपादक खिडकीशी उभे राहून ती पत्रिका वाचत होते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरी बातमी छापली होती आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. मला हसू आलं, आणि लगेच त्यांची दयाही आली.

"अहो बाई," ते मला म्हणाले, "मला त्या गावी घेऊन चला."

आम्ही गेलो. फाट्यापासून दोन मैल ते धोतराचा सोगा हातात धरून चालले, एकदाही बसले नाहीत. ठकूबाईंच्या ओट्यासमोर उभं राहून त्यांनी चौकटीतल्या चारही ओळी तोंडी म्हटल्या, आणि त्या दिवशी ट्रकपाशी तिघंच जमले होते तेही सांगितलं. ठकूबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं.

"तवा तिघं व्हते म्हनता," त्या म्हणाल्या. "एकले आला आसता तरी आमी वाढलं आसतं."

 संपादकांनी हात जोडले. मग त्यांनी चाचरत विचारलं, आता जेवायला येऊ का. ठकूबाई म्हणाल्या, एकदा आम्ही रांधलं होतं, आता तुम्ही रांधा, मी येते. कधी येऊ? येत्या ऐतवारी?

येत्या रविवारी सत्कार होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात संपादक म्हणाले, "या. मी वाट बघतो." एस.टी.त मी म्हटलं, रविवारी हॉल आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे. आणि मग गाडी नाशकात शिरेपर्यंत मला विचारत राहिले, की लापशीला गहू किती भरड दळायचे.

त्या रविवारी सकाळपासून संपादक स्वयंपाकघरात होते. काकू पाटावर बसून होत्या, पण कशालाही हात लावायला तयार नव्हत्या. "मी केलं तर ते माझं जेवण होईल," त्या म्हणाल्या आणि तोंडाने मात्र एकेका कृतीचं संपादन करत राहिल्या. पलीकडून भोक बुजवलेलं असल्यामुळे बिनधुराच्या चुलीचा सगळा धूर त्यांच्याच घरात भरला. वांग्यात मीठ दोनदा पडलं. भाकऱ्या निरनिराळ्या देशांच्या नकाशांसारख्या झाल्या. तरी दुपारी बारापर्यंत लापशी, वांगी, भाकऱ्या तयार झाल्या आणि पत्रावळी मांडल्या गेल्या. गफूरभाईंनी मशीन सुरू करून दिलं होतं आणि तेही वर येऊन बसले होते.

दिंडोरीची बाराची गाडी आली, ठकूबाई आल्या नाहीत. तीनच्या गाडीला संपादक सायकलवरून स्वतः सीबीएसला जाऊन आले. एकटेच परतले. समितीची माणसं तीनदा बोलवायला आली. प्रत्येकाला संपादकांनी एकच सांगितलं, घरी पाहुणे जेवायला यायचे आहेत, मला निघता येणार नाही. पाहुणे कोण, असं विचारणाऱ्याला त्यांनी नाव आणि गाव दोन्ही सांगितलं. ती माणसं एकमेकांकडे बघत जिना उतरून गेली.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. वकीलसाहेबांनी रिकाम्या खुर्चीला शाल पांघरली आणि हार घातला. आठ भाषणं झाली. मागे बसलेल्यांना नीट काही कळलं नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दोघं जण पांढरे कपडे घालून काकूंना भेटायला आले. काकूंनी त्यांना चहा दिला आणि बातमी अजून पक्की नाही म्हणून सांगितलं.

पण ते सोमवारी. रविवारी दिवे लागायच्या वेळी आम्ही चौघं रिकाम्या पत्रावळींसमोर बसलो होतो. ठकूबाईंनी थट्टा केली, असं माझ्या मनात आलं, आणि त्यांनी ती का करू नये, असंही आलं. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. गफूरभाईंनी हळूच विचारलं, थोडं घेऊ या का? संपादकांनी लापशीच्या पातेल्यावरचं झाकण नीट बसवलं.

"त्या दिवशी पोरं होती," ते म्हणाले. "आपण तर मोठी माणसं आहोत."

आम्ही तसेच उठलो. घरी गेल्यावर मीही जेवले नाही.

सोमवारी सकाळी, पांढऱ्या कपड्यातले दोघं जिना उतरत असताना, ठकूबाई चढत होत्या. काखेत एक गाठोडं, पायांवर फुफाटा. मी त्यांना वर घेऊन गेले. संपादक गडबडीने उठून उभे राहिले.

"काल मुद्दाम आले नाय," ठकूबाई म्हणाल्या. "दिवसभर वाट बघनं काय आसतं, त्ये तुमाला ठावं नव्हतं."

"कळलं," संपादक म्हणाले.

ते चूल पेटवायला वळले. ठकूबाईंनी थांबवलं. ताजं नको, कालचंच वाढा, म्हणाल्या. संपादकांनी पातेलं उघडलं. लापशीला वास येऊ लागला होता. भाकऱ्या कडक झाल्या होत्या. त्यांनी पहिली पत्रावळ ठकूबाईंपुढे ठेवली, वाढलं आणि हात जोडून बाजूला उभे राहिले. ठकूबाईंनी आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. तुम्ही पण बसा, तुमची बाई बसू दे, ही पोरगी बसू दे, खाली मशीनवर भेटले ते मुसलमान भाऊ, त्यांनाही बोलवा, म्हणाल्या. गफूरभाई शाईचे हात धुऊन आले. काकू चाळीस वर्षांत पहिल्यांदा संपादकांनी वाढलेलं जेवायला बसल्या. आम्ही कडक भाकरी मोडून, खारट वांग्यात बुडवून खाल्ली. आंबूस लापशीही संपवली. एवढं वाईट जेवण मी पुन्हा कधी जेवले नाही.

ठकूबाईंनी पत्रावळ पुसून स्वच्छ केली. हात धुतले, पदराला पुसले आणि संपादकांकडे वळल्या.

"आता छापा," त्या म्हणाल्या.

संपादकांनी खिशातून निळी पेन्सिल काढली. कागद गुडघ्यावर ठेवला. 

"किती जण जेवले म्हणून छापू?"

ठकूबाईंनी आमच्यावरून एकेक करून बोट फिरवलं. शेवटी ते स्वतःच्या छातीशी नेलं.

"पाच," त्या म्हणाल्या.